ए रोपट्या, रांगेत ये!

वर्षाच्या मध्येच वर्गात एखादी नवी मुलगी येते. बाई तिचं नाव सांगतात. आपण ते लग्गेच विसरतो! मग पुढचे दोन दिवस तिचं नाव काय असतं? ‘नवीन’! “ए, त्या नवीनला डबा खायला बोलाव ना!”

अमेरिकेतल्या कॉलेजांतही हेच चालतं बरं का! पण तिथे ‘नवीन’ला इतकी नावं आहेत, की तू चक्रावून जाशील. कोणी प्रतिज्ञा, कोणी अक्षर, कोणी रोपटं... आणि कोणी तर चक्क शेपूट!

थांब, आधी हा प्रकार काय आहे ते सांगते.

तिथल्या कॉलेजात पुष्कळ मुलं-मुली घरापासून लांब राहतात. आईबाबा नाहीत, ताई-दादा नाहीत. मग ती नवी भावंडं जमवतात! मुलांचा जो संघ असतो त्याला म्हणतात फ्रॅटर्निटी. मुलींचा असतो ती सोरोरिटी. एकत्र जेवायचं, अभ्यास करायचा, दंगा करायचा, चांगल्या कामासाठी पैसे जमवायचे. संघांची नावं मात्र ग्रीक अक्षरांची. कप्पा, डेल्टा, फाय! मोठ्या दादाच्या गणितात वर्तुळाशेजारी जो ‘पाय’ बसलेला असतो ना, तो यांचाच भाऊबंद. असा ग्रीक नावाचा पहिला संघ, ‘फाय बीटा कप्पा’, व्हर्जिनियात १७७६ साली निघाला. तेव्हा आपल्याकडे पेशवाई होती!

आता एक जादू बघ. लॅटिन भाषेत भावाला म्हणतात ‘फ्रातेर’. त्यावरून फ्रॅटर्निटी. आणि संस्कृतमध्ये भाऊ म्हणजे? भ्राता! म्हणून बघ पटपट: भ्राता, फ्रातेर, भ्राता, फ्रातेर. जुळे वाटतात की नाही? लॅटिनमध्ये बहीण ‘सोरोर’, संस्कृतमध्ये ‘स्वसा’. याही एकमेकींच्या नात्यातल्याच! या भाषा म्हणजे लांबची चुलत भावंडं. हजारो वर्षांपूर्वी घरं वेगळी झाली, पण चेहरेपट्टी तीच राहिली.

गंमत म्हणजे मुलींच्या संघांनाही आधी फ्रॅटर्निटीच म्हणायचे. १८७४ साली सिरॅक्यूज गावात ‘गॅमा फाय बीटा’ हा संघ निघाला. त्या मुलींना त्यांच्या लॅटिनच्या सरांनी सुचवलं, अगं, तुम्ही तर बहिणी! मग सोरोरिटीच म्हणा की!

बरं, आता आपल्या ‘नवीन’कडे येऊ.

संघात यायच्या आधीच तिला एक लांबलचक नाव मिळतं. ‘पोटेन्शियल न्यू मेंबर’! म्हणजे होऊ घातलेली नवी सदस्य. बोलता बोलता धाप लागते, म्हणून सगळे नुसतं ‘पीएनएम’ म्हणतात. मग एक दिवस हातात पाकीट पडतं. आत असतं एखाद्या संघाचं बोलावणं. अलाबामा विद्यापीठात तर हजारो मुली एकदम पाकिटं फोडतात, किंचाळतात आणि आपापल्या नव्या घराकडे धूम पळत सुटतात. मधली सुट्टी झाल्यावर दारात जी चेंगराचेंगरी होते ना, ती शंभरपट!

आत गेल्यावर पूर्वी नाव मिळायचं ‘प्लेज’. प्लेज म्हणजे प्रतिज्ञा. हो, तीच, तुझ्या पुस्तकात सुरुवातीलाच छापलेली असते ती! नव्यांनी संघाला वचन दिलेलं असायचं ना, म्हणून त्यांनाच प्रतिज्ञा म्हणायचे. (तुझ्या वर्गात प्रतिज्ञा नावाची कोणी असेल, तर तिला हे नक्की सांग!)

पण या नावाला एक वाईट वास चिकटला. काही ठिकाणी मोठी मुलं ‘प्लेज’ला राबवायची, छळायची. आपण त्याला रॅगिंग म्हणतो. तिकडे म्हणतात हेझिंग. त्यात मुलांचे जीवसुद्धा गेले आहेत. मग ‘लॅम्डा काय अल्फा’ने १९७२ मध्ये ‘प्लेज’ शब्दच काढून टाकला आणि नव्यांना ‘सहयोगी सदस्य’ म्हणायला सुरुवात केली. चांगलंच केलं, पण मला हे नाव पतपेढीच्या पावतीवरचं वाटतं! आज बरेच संघ सरळ ‘नवा सदस्य’ म्हणतात. ‘फाय म्यू’च्या मुली नव्या मैत्रिणीला म्हणतात नुसतं ‘फाय’. नाव अर्धंच!

आता माझी सगळ्यात लाडकी गोष्ट.

कृष्णवर्णीय मुलामुलींनी काढलेले काही जुने संघ आहेत. ‘अल्फा फाय अल्फा’ १९०६ चा, ‘अल्फा कप्पा अल्फा’ १९०८ चा. तिथे एकदम आलेल्या नव्यांच्या तुकडीला म्हणतात ‘लाइन’. लाइन म्हणजे रांग. आणि ही रांग बऱ्याचदा कशी लावतात, ओळख पाहू?

उंचीनुसार! बुटके पुढे, उंच मागे. शाळेच्या प्रार्थनेसारखीच!

पहिला नंबर म्हणजे ‘एस’, पत्त्यातला एक्का! दुसरा ‘ड्यूस’, म्हणजे दुर्री. आणि सगळ्यात शेवटचा? ‘टेल’. शेपूट! सगळ्यात उंच पोरगा, आणि नाव शेपूट! एका वेळी एकच जण आला तर? तो ‘सोलो’. एकट्याचीच रांग!

या नव्यांना म्हणतात ‘निओ’. हे ‘निओफाइट’चं लाडाचं नाव. ग्रीक शब्द आहे, दोन तुकड्यांचा. ‘निओ’ म्हणजे नवं. आपल्या ‘नव’चाच चुलतभाऊ, बघ! आणि ‘फाइट’ म्हणजे मारामारी नाही हं! ते आहे ‘फितॉन’, म्हणजे रोप. नुकतंच लावलेलं रोप! कुंडीत कालच खोचलेली तुळस आठव. पानं जरा मलूल, काठीचा आधार, रोज कोणीतरी वाकून बघणार, धरलं का गं मूळ? नव्या शाळेतला पहिला आठवडा अगदी असाच जातो. आणि जुन्या सदस्यांना काय म्हणतात? ‘प्रोफाइट’. आधीचं रोप!

बऱ्याच सोरोरिटींमध्ये या रोपट्याला एक ताई मिळते. ती ‘बिग’, आणि नवीन ती ‘लिटल’. ताई कोण हे काही दिवस गुपित असतं. खाऊ येतो, चिठ्ठ्या येतात, नाव नसतं! मग एक दिवस ताई समोर येते आणि मिठ्याच मिठ्या.

पण त्या ताईचीही कोणी ताई असेलच ना? ती तुझी कोण?

‘ग्रँड-बिग’! म्हणजे जवळजवळ आजीच! वय वर्षं एकवीस. चष्मा नाही, काठी नाही, आणि उद्या आजीची परीक्षा आहे!