गड्डा, शिरोरेषा आणि मोबाइलचा पडदा

मोबाइल अ‍ॅपच्या पडद्यावर उमटणाऱ्या मजकुराला सावली देणे, त्याभोवती कड काढणे, एका रंगातून दुसऱ्या रंगात उतरत जाणारी छटा भरणे, तेजोवलय देणे किंवा अक्षरे एकामागून एक प्रकट करणे, या सर्वांना मिळून मजकुराचे दृश्य परिणाम, व्यवहाराच्या भाषेत 'इफेक्ट', म्हणतात. हे परिणाम घडवणारी साधने मुख्यतः रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून घडली असून त्या लिपीतील छापील अक्षरे एकमेकांपासून सुटी उभी असतात; देवनागरीत मात्र डोळ्याला प्रथम दिसतो तो शिरोरेषेने बांधलेला अखंड शब्द. म्हणून देवनागरी मजकुराला इफेक्ट द्यायचा, तो सुट्या अक्षराला न देता शब्दाला दिला पाहिजे, आणि हे सूत्र पाळले न गेल्यास महागडा पडदा व उत्तम फॉन्ट हाताशी असूनही शब्द विस्कटलेला दिसतो.

हे पारखण्यासाठी सोलापूरसारखे दुसरे शहर सहसा सापडणार नाही. मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा भरते, सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो आणि होम मैदानावर यात्रेचा बाजार, म्हणजे 'गड्डा', गजबजतो. त्या दिवसांत मोबाइलवर तयार केलेल्या शुभेच्छांच्या बॅनरांना आणि स्टेटसना उधाण येते. त्याच आठवड्यात, 12 जानेवारीला, 1931 साली फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चार हुतात्म्यांना अभिवादन करणारे बॅनरही फिरतात. 'गड्डा' शब्दातील ड्ड आणि 'धनशेट्टी' या नावातील ट्ट ही एकाखाली एक रचली जाणारी जोडाक्षरे आहेत आणि कोणत्याही इफेक्टची खरी परीक्षा तेथेच होते.

पूर्वपीठिका थोडक्यात अशी: एकोणिसाव्या शतकात जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्यांना देखणे रूप दिले, विसाव्या शतकाच्या अखेरीस युनिकोडने प्रत्येक वर्णाला व चिन्हाला स्वतंत्र क्रमांक दिला, र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' फॉन्ट विंडोज 2000 सोबत घरोघरच्या संगणकांत पोहोचला. आणि पुढे मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे 'मुक्ता', 'बलू', 'मोदक' यांसारखे मुक्त परवान्याचे फॉन्ट अ‍ॅप करणाऱ्यांच्या हाती आले.

आता शिरोरेषेकडे वळावे, कारण सारी मेख तेथेच आहे. शाळेत मूल शब्द लिहिते आणि मग त्यावर एक सलग रेघ ओढते. फॉन्टमध्ये मात्र अशी सलग रेघ नसते. तेथे प्रत्येक अक्षर आपल्यापुरता शिरोरेषेचा तुकडा घेऊन येते आणि सांध्यावर फट राहू नये म्हणून अनेक फॉन्टमध्ये हा तुकडा शेजारच्या अक्षरावर किंचित चढवलेला असतो. एकाच रंगात भरलेल्या शब्दात हे चढणे दिसत नाही. मात्र त्या शब्दाला कड काढली की प्रत्येक तुकड्याची स्वतंत्र बाह्यरेषा रंगवली जाते आणि शिरोरेषेवर जागोजागी बारीक उभ्या चिरा उमटतात. अक्षरे अर्धपारदर्शक ठेवली तर त्याच जागी रंगावर रंग चढून गडद ठिपके दिसू शकतात. बॅनरवरील 'सोलापूर' हा शब्द दोन बोटांनी मोठा करून पाहिला, तर स, ल, प आणि र यांच्यामधले सांधे असे उघडे पडलेले अनेकदा आढळतात.

यावरचा उपाय अवघड नाही. कड आणि भरणा एकाच थरात न ठेवता दोन थर करावेत: खालच्या थरात हव्या त्या जाडीच्या दुप्पट जाडीची कड रंगवावी आणि वरच्या थरात तोच शब्द भरीव रंगात बसवावा. कडेची निम्मी जाडी बाह्यरेषेच्या आत व निम्मी बाहेर पडत असल्यामुळे आतला भाग चिरांसकट झाकला जातो आणि बाहेर नेमकी हवी तेवढी कड उरते. पोकळ, म्हणजे नुसत्या कडेचा शब्द हवा असेल, तर मात्र सर्व अक्षरांच्या बाह्यरेषा आधी एकमेकींत मिसळून त्यांची एकच आकृती करावी आणि मग तिला कड द्यावी. पारदर्शकतेचेही तसेच आहे. ती सुट्या अक्षरांना न देता पूर्ण रंगात रंगवलेल्या थराला एकत्रितपणे दिली की ठिपके नाहीसे होतात.

सावलीचे गणित याहून मनोरंजक आहे. अँड्रॉइडवरील सावलीला चार गोष्टी सांगाव्या लागतात: ती किती पुसट असावी, आडवी किती सरकावी, उभी किती सरकावी आणि तिचा रंग कोणता. शिरोरेषा आडवी असल्याने आडव्या सरकण्याचा तिच्यावर जवळजवळ परिणाम होत नाही, फक्त शब्दाच्या टोकाशी सावली डोकावते. उभे सरकणे मात्र तिला तात्काळ जाणवते. सावली रेघेच्या जाडीहून अधिक खाली गेली की शब्दाला दोन शिरोरेषा असल्याचा भास होतो आणि अनुस्वाराच्या टिंबाची सावली रेघेत मिसळून टिंब रेघेला चिकटल्यासारखे दिसते. म्हणून देवनागरीत सावली उजवीकडे थोडी अधिक आणि खाली अगदी बेताने सरकवणे हेच उत्तम. छटेबाबतही प्रचलित सवय उलटी करावी लागते. धातूची चकाकी दाखवण्यासाठी वर फिका आणि खाली गडद रंग देण्याची पद्धत रोमन अक्षरांना शोभते, पण फिक्या पार्श्वभूमीवर तीच छटा देवनागरीला दिली की नेमकी शिरोरेषा विरते आणि शब्दाचे शीर गेल्यासारखे वाटते. तेथे गडद रंग वर हवा.

अक्षरांमधील अंतर वाढवण्याची फॅशन याच कारणासाठी देवनागरीत वर्ज्य मानावी, कारण अंतर वाढले की रेघ तुटते. तेजोवलय आणि कृत्रिम जाडी यांचे भय निराळे: त्यांनी 'गड्डा'मधील दोन्ही ड यांची पोटे भरून जातात आणि लहान आकारात तो शब्द नुसता डाग दिसतो. 'मोदक' हा अतिशय गुबगुबीत फॉन्ट असून त्यात पोकळ्यांच्या जागी केवळ बारीक फटी उरतात. मोठ्या मथळ्यात तो विलक्षण गोड दिसतो, पण त्याला तेजोवलय देणे म्हणजे त्या फटी बुजवणे होय.

फ्लेक्स येण्यापूर्वी बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरांना ही दक्षता पुस्तकाविना ठाऊक होती. सोलापूरच्या नव्या पेठेत किंवा टिळक चौकाच्या परिसरात जुनी, हाताने रंगवलेली पाटी कुठे शिल्लक असेल तर ती थांबून पाहावी. चांगल्या पेंटरने मारलेली शेड संपूर्ण शब्दाला एकाच बाजूने चिकटलेली असते आणि सांध्यावर तुटत नाही, कारण ब्रश रेघेवरून सलग फिरलेला असतो. याच जिल्ह्यातील पंढरपुरात 1915 मध्ये जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाची पोस्टरे रंगवली, हे येथे सहज आठवते. नाटकांच्या जाहिरातींतील आणि मासिकांवरील शीर्षकांना ज्यांनी चेहरा दिला त्या कमल शेडगे यांचे काम तर अ‍ॅपची सजावट करणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावे असे आहे, कारण त्यांच्या अक्षरांतील परिणाम नाटकाच्या आशयातून येतो. तो वरून चिकटवलेला नसतो.

सोलापूरपुरता आणखी एक दाखला द्यायलाच हवा. चादरीवरील नक्षी जकार्डने विणताना ती आधी आलेख कागदावर चौकटी भरून काढतात आणि प्रत्येक चौकट म्हणजे धाग्यांचा एक छेद, या हिशेबाने कार्डांना छिद्रे पाडली जातात. जोसेफ मारी जकार याने हे यंत्र 1804 च्या सुमारास फ्रान्समध्ये सिद्ध केले. मोबाइलचा पडदाही बारीक चौकटींचाच बनलेला असतो आणि तिरपी वा वळणदार रेघ चौकटींत बसवताना कडा पायऱ्यांसारख्या दिसतात, ही अडचण माग आणि पडदा या दोहोंना समान आहे. पडदा कडेच्या चौकटींत मधल्या छटा भरून ती लपवतो. विणकराला ती सोय नसल्याने अक्षराचे वळणच चौकटींना साजेसे करावे लागते. शहराच्या पूर्व भागातील कारखान्यांत हे पाहिलेला तरुण अ‍ॅपच्या क्षेत्रात आला, तर त्याला पिक्सेल वेगळा समजावून सांगावा लागू नये.

अक्षरे एकामागून एक उमटवणाऱ्या परिणामात चूक सर्वांत ठळक दिसते. 'सिद्धेश्वर' हा शब्द वाचणाऱ्याला सि, द्धे, श्व, र असा चार अक्षरांचा दिसतो, परंतु युनिकोडमध्ये तो दहा क्रमांकांचा आहे: स, वेलांटी, द, हलन्त, ध, मात्रा, श, हलन्त, व, र. क्रमांक मोजून शब्द उमटवला, तर आधी स दिसतो, मग वेलांटी त्याच्या डावीकडे घुसून त्याला उजवीकडे ढकलते, पुढे पाय मोडलेला द् क्षणभर दिसतो आणि ध येताच दोघांचे द्ध होते. भक्तिभावाने पाठवलेले नाव असे धडपडत उभे राहणे मुळीच शोभत नाही. युनिकोडच्या 2023 मधील 15.1 या आवृत्तीने देवनागरी व तेलुगूसह काही भारतीय लिपींतील जोडाक्षर मध्येच न तोडण्याचा नियम अक्षरविभाजनात आणला. तो पाळणारे साधन वापरावे, किंवा त्याहून बरे म्हणजे शब्द आधी पूर्ण मांडून घ्यावा आणि त्यावरचा पडदा डावीकडून उजवीकडे सरकवावा. तेव्हा शिरोरेषा लिहिल्यासारखी ओढली जाते. फोनमध्ये हालचाल कमी करण्याचे सेटिंग निवडले असेल, तर मात्र शब्द थेट दाखवणेच योग्य.

सोलापुरात प्रश्न मराठीशी संपत नाही, कारण पूर्व भागातील विणकर कुटुंबांत तेलुगू आणि शहरभर कन्नड नांदते. या दोन्ही लिपींना शिरोरेषा नाही, त्यामुळे सांध्यांची अडचण उद्भवत नाही. पण त्यांची जोडाक्षरे खाली उतरतात आणि ठेंगण्या चौकटीत त्यांचे पाय कापले जातात, मग सावलीला जागा कुठून उरणार? अँड्रॉइडमध्ये अशा लिपींना पुरेशी उंची देणारी सोय पूर्वीपासून होती, तरी ती आपणहून चालू करावी लागे. 2024 मधील अँड्रॉइड 15 पासून, त्या आवृत्तीसाठी बांधलेल्या अ‍ॅपमध्ये, ती मुळातच चालू असते. तरीही सावलीसाठी चौकटीच्या चारही बाजूंना मोकळी जागा वेगळी सोडावी लागतेच. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर वेबच्या सुगम्यता निकषांनुसार साध्या मजकुरासाठी किमान 4.5 ला 1 आणि मोठ्या मजकुरासाठी 3 ला 1 हवे. हे गुणोत्तर छटेच्या सर्वांत फिक्या जागी मोजावे आणि इफेक्ट 'सोलापूर', 'गड्डा', 'धनशेट्टी' व 'सिद्धेश्वर' या चार शब्दांवर, स्वस्त फोनच्या लहान पडद्यावर आणि जानेवारीच्या भर उन्हात पाहूनच पक्का करावा.