शांतिसेना आणि अटक : पाच गैरसमज

निळी हेल्मेट, पांढऱ्या गाड्या आणि युद्धबंदी रेषेवरचा पहारा हे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे परिचित रूप. पण वेळप्रसंगी ही सेना माणसे पकडते आणि कोंडूनही ठेवते. तिचा हा अधिकार किती आणि कैद्याचे हक्क कोणते, याबद्दल बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज १ : शांतिसेनेला कुणाला पकडता येत नाही.
वस्तुस्थिती : कांगोतल्या कटांगा प्रांतातल्या परदेशी भाडोत्री सैनिकांना गरज पडल्यास बळ वापरून ताब्यात घेण्याची परवानगी सुरक्षा परिषदेने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी, ठराव १६९ ने दिली. तिथल्या शांतिसेनेत भारतीय ब्रिगेडही होती. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांचे परमवीरचक्र तिथलेच.

गैरसमज २ : अधिकार मिळाला की वाटेल त्याला वाटेल तितके दिवस ठेवता येते.
वस्तुस्थिती : मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या मोहिमेला २०१४ च्या ठराव २१४९ ने अटकेची मुभा दिली, पण अटी घालून : तिथल्या सरकारने रीतसर विनंती केली पाहिजे, त्या भागात देशाची सुरक्षा दले हजर किंवा कार्यरत नसावीत, आणि उपाय तात्पुरता व अपवादात्मक असावा. कैद्यांना अन्न, कपडे, औषधोपचार मिळावेत, छळ होऊ नये आणि रेड क्रॉसला त्यांना भेटता यावे, हे लढाईत उतरलेल्या शांतिसैनिकांवर महासचिवांच्या १९९९ च्या परिपत्रकाने बंधनकारक केले आहे.

गैरसमज ३ : सुरक्षा परिषदेचा ठराव असला की न्यायालयाला बोलता येत नाही.
वस्तुस्थिती : हा समज अगदीच निराधार नाही. कोसोवोत परिषदेच्या मंजुरीने गेलेल्या, नाटोच्या नेतृत्वाखालील फौजेच्या प्रमुखाच्या आदेशाने सरामती नावाच्या माणसाला २००१ मध्ये कोठडीत ठेवले होते. ही कृती संयुक्त राष्ट्रांची ठरते, सैन्य पाठवणाऱ्या देशांची नव्हे, असे सांगून युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००७ मध्ये तक्रार दाखलच करून घेतली नाही. पण २०११ मध्ये अल-जेद्दा खटल्यात त्याच न्यायालयाने ब्रिटनला दोषी धरले. इराकमध्ये ब्रिटिश फौजेने अल-जेद्दा यांना आरोपपत्राविना तीन वर्षांहून अधिक काळ डांबले होते. ब्रिटनने त्यासाठी सुरक्षा परिषदेच्या ठराव १५४६ चा आधार पुढे केला. ठरावात स्पष्ट सांगितलेले नसेल, तर परिषदेला मानवाधिकारांचा भंग अभिप्रेत होता असे मानता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले.

गैरसमज ४ : कैदी स्थानिक पोलिसांच्या हवाली केला की जबाबदारी संपली.
वस्तुस्थिती : छळाचा खरा धोका असेल तिथे कैदी सोपवता येत नाही. २०११ मध्ये अफगाण कोठड्यांमधल्या छळाचे संयुक्त राष्ट्रांचे निष्कर्ष कळताच नाटोच्या फौजांनी त्यातल्या अनेक ठिकाणी कैदी देणे थांबवले.

गैरसमज ५ : शांतिसैनिकाने कैद्याला मारले तरी त्याला शिक्षा होत नाही.
वस्तुस्थिती : यजमान देशाला सहसा खटला चालवता येत नाही; ते काम सैनिकाच्या मायदेशाचे. सोमालियात १९९३ मध्ये कॅनडाच्या सैनिकांच्या कोठडीत १६ वर्षांच्या मुलाचा छळ होऊन मृत्यू झाला. (त्या फौजेला परिषदेची मंजुरी होती, पण सूत्रे अमेरिकेकडे होती.) कॅनडाने लष्करी खटले चालवले, एका सैनिकाला पाच वर्षांची कैद झाली आणि १९९५ मध्ये त्या सैनिकांची रेजिमेंटच बरखास्त झाली. मायदेशाने मनावर घेतले नाही, तर मात्र पीडिताला दाद मागायला फारशी जागा उरत नाही.

ठराव पकडण्याचा अधिकार देतो. पकडलेल्याचे हक्क काढून घेत नाही. ते हक्क मागायचे कुणाकडे, हा प्रश्न मात्र आदेश कुणाचा होता यावर अडतो.