स्तनांची शस्त्रक्रिया : गरज कोणती, हौस कोणती?

पाय मुरगळला तर माणूस चारचौघांत सांगतो. दात दुखला तर गालाला हात लावून बसतो. परंतु स्तनाचे दुखणे असले की आमच्या मोहाडीकडची बाई काय आणि मुंबईची बाई काय, पदर सावरून गप्प राहते. नवऱ्याला सांगत नाही, सासूला सांगत नाही, कधीकधी डॉक्टरलाही सांगत नाही. आणि गंमत पहा, ज्या गोष्टीचा घरात उच्चार होत नाही, तिचीच जाहिरात आज मोबाइलवर सारखी येत असते. अमुक तेल लावा, तमुक गोळी घ्या, महिन्यात फरक पहा! एकीकडे मौन आणि दुसरीकडे गलका. मधल्यामध्ये खरी माहिती हरवते. ती थोडीशी आपल्यापुढे ठेवावी, एवढाच हेतू. मी वैद्य नव्हे, कॉलेजात शिकविणारा माणूस आहे. तेव्हा उपचार सांगण्याचा अधिकार मला नाही; पण कोणत्या अडचणीसाठी कोणते दार ठोठवावे, हे सांगता येईल.

प्रथम शब्दाचा उलगडा करू. प्लास्टिक सर्जरी म्हटले की पुष्कळांना बादलीचे प्लास्टिक आठवते. या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत असून त्याचा अर्थ आकार देणे, घडविणे असा आहे. म्हणजे कुंभार मातीला जे करतो ते. ही विद्या आपल्याला परकी नाही. सुश्रुताच्या ग्रंथात तुटलेले नाक व कान नव्याने घडविण्याची रीत सांगितलेली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांच्या फौजेतल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे नाक टिपूच्या लोकांनी कापले होते. पुण्याकडच्या, विटा करणाऱ्यांच्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून ते पुन्हा बसविले. ही हकिकत १७९४ साली लंडनच्या एका मासिकात छापून आली आणि पुढे तिथले शस्त्रवैद्य या रीतीचा अभ्यास करू लागले. आपल्या विदर्भाचाही यात वाटा आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ साली प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला. देशातल्या अशा पहिल्या विभागांत त्याची गणना होते.

आता मूळ विषयाकडे वळू. स्तनांच्या शस्त्रक्रिया अनेक आहेत आणि त्या साऱ्या नटण्यासाठीच करतात असे नाही.

पहिली, स्तन लहान करण्याची. काही स्त्रियांचे स्तन शरीराच्या मानाने फार जड असतात. रोवणीच्या दिवसांत बांधीत दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईची अशी अवस्था असली, तर तिची मान, खांदे आणि पाठ सतत दुखतात. खांद्यावर पट्ट्यांचे वळ उमटतात, घामाने खालची कातडी चिघळते. लोक तिला हसतात. पण तिचे हे दुखणे खरे आहे. शस्त्रक्रियेत जादा चरबी, ग्रंथी आणि कातडी काढून स्तनाग्र वर घेतात. ओझे उतरते. मात्र व्रण राहतात, स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते आणि पुढे अंगावर पाजण्यास अडचण येऊ शकते. म्हणून मुले व्हायची असतील तर हा निर्णय डॉक्टरांशी नीट बोलूनच घ्यावा.

दुसरी गोष्ट भाजलेल्या मुलींची. चुलीपाशी किंवा उकळत्या पाण्याने लहानपणी छाती भाजली, की तिथे घट्ट व्रण धरतो. मुलगी वयात येते तेव्हा हा व्रण स्तनाला वाढू देत नाही. व्रण मोकळा करून तिथे दुसरी कातडी लावता येते. अशा मुलीला ‘आता काय उपयोग’ म्हणून घरी बसवू नका. तिला प्लास्टिक सर्जरीच्या विभागात दाखवा.

तिसरी, ओघळलेले स्तन वर उचलण्याची. बाळंतपणानंतर, वयानुसार किंवा वजन उतरल्यावर स्तन ओघळतात. हा निसर्गक्रम आहे, रोग नाही. जादा कातडी काढून आकार नीट करता येतो. पण पुन्हा दिवस गेले तर केलेले काम बिघडू शकते.

चौथी, स्तन मोठे करण्याची. १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे क्रोनिन आणि गेरो या दोन डॉक्टरांनी सिलिकोनची पिशवी प्रथम एका स्त्रीच्या छातीत बसविली. आज अशी पिशवी ग्रंथीखाली किंवा स्नायूखाली ठेवतात. स्वतःच्या पोटाची वा मांडीची चरबी काढून भरण्याचीही रीत आहे. त्यातली काही चरबी शरीर पुन्हा शोषून घेते. जाहिरातीत जे सांगत नाहीत ते येथे सांगितले पाहिजे. बसविलेली पिशवी जन्मभर टिकेल अशी हमी नाही. तिच्याभोवती कठीण आवरण धरू शकते, ती फाटू शकते, बदलावी लागू शकते. फ्रान्समधल्या एका कंपनीने स्वस्त, औद्योगिक वापराचे सिलिकोन पिशव्यांत भरल्याचे २०१० साली उघड झाले आणि देशोदेशीच्या हजारो स्त्रियांना त्या काढून घ्याव्या लागल्या. काही खरबरीत पृष्ठाच्या पिशव्यांचा एका दुर्मीळ कर्करोगाशी संबंध आढळल्याने २०१९ साली त्या बाजारातून परत घेण्यात आल्या.

म्हणून हौस करूच नये काय? तसे नाही. सज्ञान स्त्रीने समजून-उमजून घेतलेला निर्णय तिचा आहे. त्यावर नाक मुरडण्याचे आपल्याला कारण नाही. परंतु नवरा टोमणे मारतो म्हणून, किंवा लग्न जमत नाही म्हणून शरीरावर शस्त्र चालविणे हा उपाय नव्हे. दोन्ही स्तन तंतोतंत सारखे नसतात, हे बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत खरे आहे. लहान स्तनांना दूध कमी येते ही समजूतही खोटी. दूध ग्रंथीत तयार होते आणि आकारातला फरक बराचसा चरबीचा असतो. आणि तेलाने किंवा मलमाने स्तन वाढत नाहीत.

आता सर्वांत महत्त्वाचे, कर्करोगाविषयी. ‘गाठ म्हणजे स्तन गेला’ या भीतीने बाया गाठ लपवितात. ही भीती आता जुनी झाली. गाठ लवकर सापडली, तर पुष्कळदा फक्त ती गाठ आणि भोवतालचा थोडा भाग काढून वर किरणोपचार देतात, स्तन राहतो. इटलीत मिलान येथे डॉ. व्हेरोनेसी यांनी अशा रुग्णांची वीस वर्षे पाहणी केली. पूर्ण स्तन काढलेल्या आणि स्तन राखलेल्या स्त्रिया सारख्याच जगल्या, हे त्यांनी २००२ साली दाखविले. स्तन काढावाच लागला तरी तो पुन्हा घडविता येतो. पाठीचा स्नायू वळवून, पोटाची कातडी व चरबी वापरून किंवा पिशवी बसवून हे काम करतात. कधी त्याच वेळी, तर कधी किरणोपचार आटोपल्यावर. शस्त्रक्रिया नको असेल तर चोळीत बसविण्याचा कृत्रिम स्तन मिळतो. आणि काहीच नको, असे म्हणण्याचाही स्त्रीला हक्क आहे.

मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ सालापासून दीड लाखांवर स्त्रियांची पाहणी केली. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत शिकविलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी स्त्रियांचे स्तन हाताने तपासत. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांत रोग लवकरच्या पायरीवर सापडला आणि पन्नाशी ओलांडलेल्यांत मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. यंत्र नाही, चित्र नाही. शिकविलेला हात आणि संकोच सोडलेली बाई, एवढ्यावर हे झाले.

तेव्हा क्रम ध्यानात ठेवा. न दुखणारी गाठ, कातडीला पडलेली खळी, आत ओढलेले स्तनाग्र, त्यातून येणारे रक्त, काखेतली गाठ, यांपैकी काही दिसले तर आकाराचा विचार मागे ठेवून प्रथम तपासणी करा. मोहाडीत डॉक्टरला दाखवा. ते भंडाऱ्याला किंवा नागपूरला पाठवतील. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे चौकशी करावी. निव्वळ हौसेचा खर्च मात्र ज्याचा त्याने करायचा असतो.

शस्त्रक्रिया ठरलीच, तर चार प्रश्न विचारा. डॉक्टरने प्लास्टिक सर्जरीचे वेगळे शिक्षण घेतले आहे काय? भूल कोण देणार? व्रण कोठे राहतील? काही बिघडले तर पुढचा खर्च कोणाचा? आणि खर्रा, तंबाखू खाण्याची सवय असेल तर ती आधी सोडा. तंबाखूतल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरत नाही. ही गोष्ट डॉक्टरपासून लपवू नये.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. शाळेत शरीरशास्त्राचा धडा आला की आपण हृदय, फुप्फुस, जठर शिकवितो आणि हे पान उलटून टाकतो. ते उलटू नका. भगिनींनी मुलींना हा अवयव साध्या शब्दांत समजावून द्यावा. आज जी मुलगी ‘स्तन’ हा शब्द न लाजता उच्चारील, ती उद्या आपल्या आईची गाठ वेळेवर डॉक्टरपर्यंत नेईल.