एकर : शब्द जुना, हिशेब रोजचा



लोहारा, जेवळी, सास्तूर, माकणी या भागात पेरणीच्या दिवसांत दोन शेतकरी भेटले की पहिला प्रश्न असतो, "यंदा सोयाबीन किती एकर?" आणि रास झाली की दुसरा, "एकरी किती कट्टे झाले?" इतका हा शब्द आपल्या तोंडी बसला आहे. पण 'एकर' हा मूळचा मराठी शब्द नाही. तो इंग्रजी आहे आणि इंग्रजीतल्या फार जुन्या शब्दांपैकी एक आहे. त्याचा अर्थही वेळोवेळी बदलत गेला आहे. आज आपण बोलतो एकरात, सातबाऱ्यावर क्षेत्र असते हेक्टर-आरमध्ये आणि खताची शिफारस असते हेक्टरी. या तिन्हींची गल्लत झाली तर बियाणे, खत, औषध आणि पैसा वाया जातो. म्हणून या शब्दाची नीट ओळख करून घेऊ.

शब्द कोठून आला?

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ फक्त 'शेत' किंवा 'वहितीचे रान' असा होता. त्यात माप नव्हते. लॅटिन भाषेतील 'अगेर' आणि ग्रीकमधील 'अग्रोस' हे त्याचे भाऊबंद, अर्थ तोच, शेत. शेतीला इंग्रजीत ॲग्रिकल्चर म्हणतात तेही याच 'अगेर'वरून. वैदिक संस्कृतातील 'अज्र' म्हणजे मोकळे रान किंवा शेत. तोही याच कुळातला. संस्कृतात 'अज्' म्हणजे हाकणे. जेथे गुरे हाकावीत ते रान, असा मूळ अर्थ असावा असे भाषेचे अभ्यासक मानतात. म्हणजे परका वाटणारा हा शब्द आपल्या दूरच्या नात्यातलाच आहे.

शेताचे माप कसे झाले?

पुढे इंग्लंडमध्ये बैलांच्या एका जोडीने दिवसभरात नांगरून होईल तेवढ्या जमिनीला एकर म्हणू लागले. आपल्याकडेही 'एका औताची जमीन' असे म्हणत, त्यातलाच हा प्रकार. साहजिकच भारी जमिनीत एकर लहान आणि हलक्या जमिनीत मोठा होई. नंतर कायद्याने माप ठरले : लांबी ६६० फूट, रुंदी ६६ फूट, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. यातील ६६० फूट म्हणजे एक फर्लांग. फर्लांग या शब्दाचा मूळ अर्थ 'एका तासाची लांबी' असा आहे. हे तास घड्याळाचे नव्हे, तर नांगराचे.

तरीही सगळीकडे एकच एकर नव्हता. आयर्लंडचा जुना एकर इंग्लंडच्या एकराच्या दीडपटीहून मोठा होता. स्कॉटलंडचा वेगळाच होता. आपल्याकडेही पूर्वी काठी, पांड, बिघा, चाहूर अशी मापे होती आणि बिघा प्रांताप्रांतात बदलत असे.

सन १६२० च्या सुमारास एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने ६६ फुटांची मोजणीची साखळी प्रचारात आणली. अशा दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. क्रिकेटच्या दोन्ही बाजूंच्या यष्ट्यांमधील २२ यार्डांचे अंतर म्हणजे हीच एक साखळी. अर्धी साखळी लांब व अर्धी साखळी रुंद, म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, हा आपला एक गुंठा. असे ४० गुंठे मिळून एक एकर होतो आणि गुंठ्याचा सोळावा भाग म्हणजे आणा.

सातबारा वाचताना

देशात मेट्रिक पद्धत आल्यावर सातबाऱ्यावर हेक्टर व आर आले. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि १०० आर म्हणजे एक हेक्टर. आर आणि गुंठा जवळजवळ सारखेच आहेत. मात्र एकर ४० गुंठ्यांचा आणि हेक्टर १०० आरचा. घोटाळा येथेच होतो.

समजा, उताऱ्यावर क्षेत्र १.२० हेक्टर-आर आहे. कोणी ते 'एक एकर वीस गुंठे' असे वाचले, तर तो दीड एकर समजेल. प्रत्यक्षात ती जमीन जवळपास तीन एकर आहे. वाटणी करताना, बटईने देताना, खरेदी-विक्रीच्या वेळी किंवा पीक विमा भरताना ही चूक किती महागात पडेल, याचा विचार करावा.

लक्षात ठेवा :

- १ हेक्टर = २.४७ एकर (ढोबळमानाने अडीच)
- १ एकर = ४०.४७ आर
- १ गुंठा = १,०८९ चौरस फूट

खत व औषधाचा हिशेब

विद्यापीठाच्या शिफारशी बहुधा हेक्टरी असतात. हेक्टरी आकड्याला अडीचने भागले की एकरी प्रमाण मिळते. सोयाबीनचे बियाणे हेक्टरी ७५ किलो, म्हणजे एकरी ३० किलो. नत्र, स्फुरद व पालाश हेक्टरी ३०:६०:३० किलो, म्हणजे एकरी १२:२४:१२ किलो. त्यासाठी एकरी डीएपीची ५० किलोची एक बॅग, ६ ते ७ किलो युरिया आणि २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश पुरते.

तणनाशकाबाबत तर जास्तच काळजी घ्यावी. सोयाबीनमध्ये उगवणीनंतर वापरावयाचे इमॅझेथापर १० टक्के हेक्टरी एक लिटर, म्हणजे एकरी ४०० मिली लागते. हेक्टरीचा एक लिटर एका एकरावर फवारला, तर मात्रा अडीचपट होते. पीक पिवळे पडते, वाढ खुंटते आणि जमिनीत राहिलेल्या अंशाचा त्रास पुढच्या पिकालाही होऊ शकतो. म्हणून डब्यावरील लेबलावर 'एकरी' आहे की 'हेक्टरी', हे आधी पाहावे.

घरच्या घरी मोजणी

३३ फुटांची न ताणणारी दोरी करावी. शेताची लांबी व रुंदी या दोरीने मोजून दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला की थेट गुंठे मिळतात. उदाहरणार्थ, लांबी ८ दोऱ्या व रुंदी ५ दोऱ्या भरली, तर ४० गुंठे, म्हणजे एक एकर. शेत वेडेवाकडे असल्यास त्याचे चौकोन व त्रिकोण पाडून मोजावे. त्रिकोणाचा पाया व उंची यांचा गुणाकार करून निम्मा धरावा. हा अंदाज खत-बियाण्यासाठी पुरेसा आहे. बांधाचा वाद असेल, तर मात्र भूमी अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करून सरकारी मोजणीच करून घ्यावी.

एकेकाळी एकर बैलांच्या दमावर ठरत असे. आता तो चौरस फुटांत पक्का झाला आहे. त्याचा नेमका अर्थ ओळखून हिशेब मांडला, तर खताची एक पिशवीही वाया जाणार नाही आणि वाटणीत कोणाचे एक गुंठाही बुडणार नाही.