रिपोर्टमधलं 'पॉझिटिव्ह' म्हणजे लागण नव्हे

कोविड आणि टीबीच्या तपासण्यांनी 'पॉझिटिव्ह' या शब्दाचा घराघरात धसका बसवलाय. त्यामुळे भिवंडीतल्या एखाद्या आईच्या हाती लेकराच्या बायोप्सीचा रिपोर्ट येतो, त्यात 'सीडी१ए पॉझिटिव्ह, लँगरिन पॉझिटिव्ह' असं छापलेलं असतं, तेव्हा तिचा पहिला प्रश्न असतो: धाकट्याला लागेल का? नाही लागणार. असा रिपोर्ट ज्याच्याकडे बोट दाखवतो, तो लँगरहॅन्स सेल हिस्टिओसायटोसिस हा संसर्गजन्य आजार नाही. सीडी१ए आणि लँगरिन ही जंतूंची नावं नव्हेत. आपल्याच रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या काही पेशींवरच्या त्या ओळखखुणा आहेत.

बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, केसाहून कितीतरी पातळ काप काढतात आणि त्या खुणेलाच चिकटणारी अँटिबॉडी त्यावर सोडतात. ती चिकटली तिथे तपकिरी रंग उठतो. या आजारातल्या पेशींची केंद्रकं कॉफीच्या बीसारखी, मधोमध चीर पडलेली दिसतात.

मग तपकिरी दिसलं की आजार पक्का? इथेच हाड आणि त्वचा यांत फरक पडतो. निरोगी त्वचेच्या वरच्या थरातही या खुणांच्या पेशी असतातच. १८६८ साली बर्लिनमध्ये शिकत असताना पॉल लँगरहॅन्सनं त्या प्रथम दाखवल्या. त्याला त्या चेतापेशी वाटल्या होत्या. म्हणून त्वचेच्या कापात नुसता रंग पुरत नाही. पेशी किती आहेत, कुठल्या थरात आहेत, केंद्रकं कशी आहेत, हे सगळं पाहावं लागतं. हाडात मात्र अशा पेशी सहसा नसतात. तिथे त्यांचे थवे दिसले तर त्याला मोठा अर्थ असतो.

नावामुळे हा त्वचेच्या पेशींचाच आजार वाटतो. पण २०१० मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसलं, की या पेशींचं नातं अस्थिमज्जेतल्या पूर्वपेशींशी अधिक जवळचं आहे. त्याच वर्षी निम्म्याहून अधिक नमुन्यांत बीआरएएफ जनुकातला बदल सापडला. म्हणून आज त्याची गणना गाठींच्या आजारांत होते. तरी सगळ्यांची वाट एक नसते. एकाच हाडातला डाग कधी खरवडल्यावर भरून येतो. यकृत, प्लीहा, मज्जा यांत आजार असेल तर केमोथेरपी लागते. तपकिरी रंग दोन्हीकडे सारखाच, म्हणून बाकी शरीराची तपासणी टाळू नये.

बाळाच्या डोक्यावरची खपली तेलानं, औषधानं जात नाही, सोबत कान वाहतो, कवटीला मऊ फुगवटा आहे, तर 'कोंडाच आहे' म्हणून थांबू नका; ती या आजाराची लक्षणं असू शकतात. मूल सारखं पाणी पितं, सारखी लघवी करतं आणि साखर नॉर्मल येते, हेही डॉक्टरांना सांगा. या आजारात मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी बिघडली तरी असं होतं. त्याचा गोड मधुमेहाशी संबंध नाही.

बायोप्सीनं हा आजार पसरतो, ही भीतीही सोडून द्या. तुकड्याशिवाय खूण शोधायची कशात?

आणि भिवंडीहून ठाणे किंवा कल्याण गाठून परळच्या टाटा रुग्णालयात निघालात, तर नुसता रिपोर्ट नेऊ नका. लॅबमधून मेणाचा ब्लॉक आणि काप लावलेल्या काचा (स्लाइड) मागून घ्या, उन्हापासून जपून न्या. तिथले डॉक्टर त्या पुन्हा पाहतात.