शर्यतीची मोटार वाहून नेणारा बंदिस्त ट्रेलर : आधी वजनकाटा, मग सौदा

मोटारींच्या शर्यतीचे नाव काढले की आपल्या लोकांच्या डोळ्यासमोर पैसा उधळणारे शौकीन येतात. पैजा आणि जुगार यांच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. परंतु या शौकाच्या मागे जो धंदा उभा आहे तो वेल्डरचा, बॉडी बिल्डरचा, वायरमनचा, मेकॅनिकचा आणि वाहतूकदाराचा आहे. ही कामे आपल्या समाजाच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कोकणातील कित्येक घरांतील तरुण आखाती देशांत गॅरेजमध्ये राबतात, काहीजण अमेरिकेतही स्थिरावले आहेत. आखातात बहरीन, दुबई आणि कतार येथे २००४ साली शर्यतीचे पक्के मार्ग सुरू झाले, अबू धाबीत २००९ साली. तेथे अमेरिकन पिकअप गाड्याही भरपूर आहेत. म्हणून हा विषय आपल्या कारागिरांच्या कामाचा आहे असे आम्हाला वाटते.

शर्यतीची मोटार रस्त्यावर चालवत नेता येत नाही. तिला दिवे नसतात, नंबरप्लेट नसते, टायर वेगळे असतात. शिवाय शर्यतीत मोडतोड झाली तर ती परत आणायची कशी? अमेरिकेत हौशी स्पर्धक शेकडो किलोमीटर दूरच्या मार्गावर जातात ते मोटार ट्रेलरवर घालून. उघडा लोखंडी ट्रेलर साधारण ९०० किलोचा असतो. तो स्वस्त पडतो आणि मध्यम गाडीही त्याला ओढते. बंदिस्त ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोलीच. मोटार पावसापासून सुरक्षित, हत्यारे कुलूपबंद, आत दिवे, कपाटे, प्रसंगी रात्रीचा मुक्काम. पण २४ फुटी लोखंडी बंदिस्त ट्रेलर रिकामाच १,६०० ते १,८०० किलो भरतो. अ‍ॅल्युमिनियमचा हलका असतो, परंतु किंमत बरीच वाढते.

लांबी-रुंदीचा हिशेब

अमेरिकेत ट्रेलरची बाहेरची रुंदी १०२ इंचांपर्यंत, म्हणजे साडेआठ फुटांपर्यंत चालते. आत मात्र चाकांच्या पेट्या डोकावतात आणि त्यांच्यामध्ये पावणेसात फुटांच्या आसपास जागा उरते. मोटार साडेपाच ते सहा फूट रुंद. मोटार आत गेली, पण चालकाला दार उघडता येईना, अशी गत येथेच होते. म्हणून डाव्या भिंतीला चाकाच्या पेटीवर एक मोठी झडप ठेवतात. अमेरिकन मोटारीचा चालक डाव्या बाजूला बसतो, तो त्या झडपेतून बाहेर पडतो. ही झडप नसेल तर मोटार विंचने आत ओढावी लागते.

लांबीबाबत पुष्कळांची चूक होते. मोटार चौदा फुटांची, मग वीस फुटी ट्रेलर पुरे, असा हिशेब करतात. मोटार मावते हे खरे, पण हत्यारांची कपाटे पुढच्या भिंतीला लागली की मोटार पुढे-मागे सरकवायला जागा राहत नाही. आणि ही सरकवण्याची जागाच जीव वाचवते, ते पुढे सांगतो.

तिसरी गोष्ट मागच्या दाराची. ते खाली पडून उतरण होते. शर्यतीची मोटार जमिनीपासून चार बोटे वर असते, तिचा पुढचा ओठ उतरणीला घासतो. त्यासाठी ट्रेलरची मागची काही फूट फरशी खाली उतरती करतात आणि दाराला जोड उतरण लावतात. जोड उतरण नसली तर लाकडी फळ्याही काम देतात.

गाडीवानाचे शहाणपण

आपल्याकडे बैलगाडी भरणाऱ्या कोणत्याही म्हाताऱ्याला विचारा. माल मागे जास्त भरला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. पुढे जास्त भरला तर बैलांच्या मानेवर भार येतो. ट्रेलरचे शास्त्र याहून वेगळे नाही. हुकावर ट्रेलरच्या एकूण भरल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार यावा लागतो. त्याहून कमी आला तर वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डुलू लागतो. डुलणे एकदा सुरू झाले की ते ओढणाऱ्या गाडीलाही फिरवते, आणि त्यात सगळे कुटुंब बसलेले असते. जास्त आला तर गाडीची मागची बाजू बसते, पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही कमजोर पडतात.

एक सरळ हिशेब मांडून पाहू. रिकामा ट्रेलर १,७०० किलो. लहान शर्यतीची मोटार १,१०० किलो. जादा चाके १६०, हत्यारे आणि जॅक २००, पेट्रोल व पाणी १५०, जनरेटर, मांडव आणि किरकोळ १४०. एकूण ३,४५० किलो. याचे १२ टक्के म्हणजे ४१४ किलो हुकावर आले.

आता ट्रेलरची पाटी पाहा. बाजारातील स्वस्त ट्रेलरला प्रत्येकी ३,५०० पौंडांचे, म्हणजे १,५८८ किलोचे दोन अ‍ॅक्सल असतात आणि त्याची भरली मर्यादा ७,००० पौंड, म्हणजे ३,१७५ किलो, लिहिलेली असते. आपला हिशेब ३,४५० आला. म्हणजे हा ट्रेलर दुकानातून निघतानाच अपुरा आहे. ५,२०० पौंडांचे, म्हणजे २,३५९ किलोचे दोन अ‍ॅक्सल असलेला घेतला पाहिजे. किमतीतला फरक पाहून अनेकजण येथे मागे सरतात आणि पुढे टायर फुटणे, बेअरिंग जळणे, अ‍ॅक्सल वाकणे यांत तो फरक कितीतरी पटीने भरतात.

ओढण्याची ताकद आणि पेलण्याची ताकद

जाहिरातीत पिकअप गाडीची ओढण्याची ताकद मोठ्या अक्षरांत असते. पूर्वी प्रत्येक कंपनी हा आकडा आपापल्या पद्धतीने काढी. २००८ साली अमेरिकेतील वाहन अभियंत्यांच्या संस्थेने जे २८०७ नावाचे प्रमाण ठरवले. त्यात अ‍ॅरिझोनातील डेव्हिस डॅमच्या लांब चढावर ट्रेलर ओढून दाखवण्याची कसोटी धरली आहे. टोयोटाने २०११ च्या टुंड्रा गाडीपासून ते प्रथम स्वीकारले. त्यामुळे आकड्यांची तुलना सोपी झाली.

तरीही खरा अडसर दुसराच असतो. गाडी ओढू किती शकते याआधी ती अंगावर पेलू किती शकते, हे पाहावे. हुकावरचे ४१४ किलो, तीन माणसे २४० किलो, सामान ६० किलो, जाड हुक आणि त्याची उपकरणे ४० किलो. बेरीज ७५४ किलो. फोर्ड एफ-१५० किंवा शेव्हरोले सिल्व्हराडो १५०० या वर्गातील पुष्कळ गाड्यांची पेलण्याची मर्यादा ६०० ते ८०० किलोंच्या घरात असते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर ती चिकटपट्टीवर छापलेली असते. गाडीत चैनीची साधने जितकी जास्त तितकी ही मर्यादा कमी. म्हणून नेहमी बंदिस्त ट्रेलर ओढणाऱ्याने एक पायरी वरची, एफ-२५० किंवा २५०० या वर्गातील गाडी घ्यावी.

दुसरे म्हणजे हवा. साडेआठ फूट रुंद सपाट भिंत वाऱ्यात ढकलायची आहे. उघड्या ट्रेलरला हा त्रास नाही. वेग ताशी १०५ वरून ९० किलोमीटरवर आणला तर हवेचा विरोध सुमारे चौथ्या हिश्श्याने घटतो. पेट्रोल वाचते आणि ट्रेलरही शांत चालतो. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्याला ताशी ५५ मैल, म्हणजे ८८ किलोमीटर, हीच मर्यादा आहे.

डिझेल इंजिन घाटात उपयोगी पडते ते चढताना, आणि एक्झॉस्ट ब्रेक असेल तर त्याहून जास्त उतरताना. ट्रेलरला स्वतःचे विजेचे ब्रेक हवेत आणि त्यांचे नियंत्रण चालकाच्या हाताशी हवे. हुक निसटला तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागावेत म्हणून स्वतंत्र बॅटरीवर चालणारा स्विच असतो. ती बॅटरी मेलेली असेल तर स्विच नुसती शोभेची वस्तू. सुरक्षा साखळ्या हुकाखाली एकमेकींना छेद देऊन बांधतात, म्हणजे दांडा निसटला तर तो त्यांच्या झोळीत पडतो.

धंद्यासाठी दुसऱ्यांच्या मोटारी वाहणाऱ्यांनी कायदा लक्षात ठेवावा. ट्रेलरची मर्यादा १०,००० पौंडांच्या, म्हणजे ४,५३६ किलोच्या वर गेली आणि गाडी व ट्रेलर मिळून मर्यादा २६,००१ पौंड, म्हणजे ११,७९४ किलो किंवा अधिक झाली, तर व्यापारी परवाना लागतो.

काट्यावर सिद्ध करा

अंदाजावर विसंबू नये. अमेरिकेत ट्रक थांब्यांवर वजनकाटे असतात. प्रथम भरलेला ट्रेलर सोडवून एकटा काट्यावर उभा करा. समजा ३,४५० किलो भरला. मग तो गाडीला जोडून, भार विभागणाऱ्या दांड्या न लावता, फक्त ट्रेलरची चाके काट्यावर ठेवा. आता ३,०३६ भरला. फरक ४१४, तोच हुकावरचा भार. कमी निघाला तर मोटार थोडी पुढे घ्या, जास्त निघाला तर मागे. त्यासाठीच आम्ही वर सरकवण्याच्या जागेचा आग्रह धरला.

मोटार बांधताना चार कोपऱ्यांना चार पट्टे लावावेत. पट्ट्यावर दोन आकडे असतात, तुटण्याचा आणि वापरण्याचा. वापरण्याचा आकडा तुटण्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका असतो आणि हिशेब त्याचाच धरायचा. पट्टे अडकवण्याच्या कड्या खालच्या लोखंडी चौकटीला बोल्टने कसलेल्या हव्यात. नुसत्या प्लायवूडमध्ये स्क्रूने बसवलेली कडी एका जोरदार ब्रेकला उपटून येते. निघाल्यावर तीस-चाळीस किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा तपासा.

जुना घेणाऱ्यांसाठी

व्याजाच्या कर्जापासून दूर राहू इच्छिणारा आपला माणूस बहुधा रोखीने जुना ट्रेलर घेईल. चांगलाच विचार आहे, पण डोळे उघडे ठेवावेत. खाली झोपून फरशीचे प्लायवूड टोचून पाहा. छताच्या कोपऱ्यांत पाण्याचे डाग शोधा. टायर एका बाजूने घासलेला असेल तर अ‍ॅक्सल वाकलेला असण्याचा संभव आहे. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलर वर्षातून बरेच दिवस उभा असतो, त्यामुळे टायरची नक्षी ताजी दिसते आणि रबर आतून संपलेले असते. पाच-सहा वर्षांनंतर असे टायर बदललेलेच बरे. कागदपत्रांवरचा नंबर चौकटीवरच्या नंबराशी जुळवून पाहायला विसरू नका.

आपल्या कारागिरांनी काय घ्यावे

भारतात शर्यतीचे पक्के मार्ग मोजके आहेत. चेन्नईजवळचा १९९० चा, कोइम्बतूरचा २००३ चा आणि ग्रेटर नोएडाचा २०११ चा. येथे असे ट्रेलर बनवण्याची मागणी थोडीच. पण खाद्यपदार्थांची गाडी, फिरते वेल्डिंगचे दुकान, जनरेटरची ट्रॉली अशी कामे आपल्या वर्कशॉपमध्ये येतात, आणि वजनाचा नियम सर्वांना एकच आहे. आपल्या मोटार वाहन कायद्यातही ट्रेलर हे नोंदणीचे वाहन आहे.

गिऱ्हाईक म्हणते, मिस्त्री, हलका अ‍ॅक्सल टाका, भाव कमी करा. येथे कारागिराची परीक्षा असते. सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात कमी देणाऱ्यांना कडक ताकीद आहे. कमकुवत अ‍ॅक्सलवर मोठा आकडा लिहिलेली पाटी ठोकणे हेही माप मारणेच झाले, आणि त्याची किंमत रस्त्यावरचा तिसराच माणूस मोजतो. तयार गाडी काट्यावर चढवा, रिकामे वजन आणि भरण्याची मर्यादा पाटीवर कोरा, गिऱ्हाइकाला समजावून सांगा. ते ऐकत नसेल तर काम सोडून द्या. एका कामाचे नुकसान भरून निघते. आपल्या हातची गाडी घाटात उलटली तर ते नाव पुन्हा उभे राहत नाही. अल्लाह आपल्या कारागिरांच्या हाताला बरकत आणि तोलाला सचोटी देवो.