षडयंत्र म्हणजे काय? कट, कारस्थान आणि अफवा यांत फरक काय?

सोशल मीडियावर कुठलीही घटना घडली की ‘हे मोठं षडयंत्र आहे’ अशी पोस्ट फिरू लागते. पण या शब्दाचा नेमका अर्थ काय?

शब्दाचा अर्थ

‘षडयंत्र’ (शुद्ध रूप षड्यंत्र) म्हणजे कुणाविरुद्ध गुप्तपणे आखलेली योजना. त्याचा संबंध तंत्रविद्येतील मारण, उच्चाटन, वशीकरण अशा सहा कर्मांशी जोडला जातो. बोलताना आपण ‘कट रचला’, ‘कट शिजला’, ‘कारस्थान केलं’ असं म्हणतो. इंग्रजीतील ‘कॉन्स्पिरसी’ ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा मूळ अर्थ ‘एकत्र श्वास घेणे’.

कायदा काय म्हणतो?

भारतीय न्याय संहितेच्या कलम 61 नुसार (पूर्वीचे भा.दं.वि. कलम 120-अ) बेकायदा काम करण्यासाठी किंवा कायदेशीर काम बेकायदा मार्गाने करण्यासाठी दोन किंवा अधिक जणांनी संगनमत केलं, तर तो गुन्हेगारी कट ठरतो. एकट्याचा कट होत नाही.

खानदेशातील दोन उदाहरणं

14 एप्रिल 1944 रोजी धुळे जिल्ह्यातील चिमठाणे इथं क्रांतिकारकांनी इंग्रजांचा सुमारे साडेपाच लाखांचा खजिना लुटला. त्यात डांगरीचे (जि. जळगाव) डॉ. उत्तमराव पाटील, तसंच जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी यांचा सहभाग होता. इंग्रजांच्या लेखी हा गुन्हा, लोकांच्या लेखी स्वातंत्र्यलढा. पण माणसं, योजना आणि कृती तिन्ही खरी होती.

1 जुलै 2018 रोजी त्याच जिल्ह्यातील राईनपाडा (ता. साक्री) इथं मात्र कट फक्त मोबाइलवर होता. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज पसरले होते. त्या संशयातून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागायला आले होते.

मग ओळखायचं कसं?

‘षडयंत्र’ म्हणणाऱ्याला तीन प्रश्न विचारा: कोणी कोणाशी संगनमत केलं? नेमकं काय ठरलं? पुरावा कुठे आहे? खरे कटही असतात, म्हणून शंका घेणं गैर नाही. पण ‘पुरावा नाही, कारण तो दडपला’ हेच उत्तर मिळत असेल, तर तो मेसेज पुढे पाठवू नका. राईनपाड्यात पाच जीव गेले, ते असेच मेसेज न तपासता पुढे गेल्यामुळे.